जसा होता तसा

धुरूंची नात अ‍ॅम्प्लिफायर घेऊन आली,
जुन्या चादरीत गुंडाळून, बाळंतिणीने मूल आणावं तसा.
म्हणाली, पेडणेकर काका, आवाज ठणठणीत आहे,
लॅमिंग्टन रोडवर वॉल्व्ह बदलून घेतलेत,
फक्त पेटीचा रंग.
जसा होता तसा करून द्या.

जसा होता म्हणजे कधी होता, बाई?
वर चॉकलेटी ऑइलपेंट, हाताने फासलेला,
ब्रशचा एक केस अजून त्यात अडकलेला.
हा रंग मी ओळखतो. दाराचा उरलेला डबा.
आमच्या भोईवाड्यात एका दिवाळीला
दार, माठाचं स्टूल, मीटरची फळी
सगळं याच रंगात न्हाऊन निघालं होतं.
त्याखाली पांढरा, आता दातांसारखा पिवळा.
त्याखाली देव जाणे.
तिने फोटो दाखवला. आजोबा, पेटी, फुलदाणी.
ब्लॅक अँड व्हाइट.

तीस वर्षं मी वर्कशॉपात बसगाड्या रंगवल्या.
एकच लाल.
डबा उघडा, ढवळा, मारा.
लाल होती, लाल झाली, फाटकातून गेली,
आठवड्याच्या आत कुणीतरी पिंक टाकून सही करायचा.
असला प्रश्न कुठल्याच बसने विचारला नाही.

पेटी उलटी केली. खाली रबराचे चार पाय,
तीन दगड झालेले, एक विरघळून गुळासारखा.
तो सुरीने उचकटला,
आणि तिथे, चार आण्याएवढ्या जागेत,
जिथे ऊन पोचलं नाही, फडकं नाही, दिवाळी नाही,
हिरवट राखाडी, बारीक ठोक्याठोक्यांचा.
शिवडीला ओहोटीत चिखल चमकतो ना, तसा.
कारखान्यातून निघाला त्या दिवसाचा.

मग मला चेवच चढला.
काळा किती, हिरवा किती, पिवळा काडीच्या टोकावर,
पोह्यांच्या डब्याच्या झाकणावर सतरा ठिपके,
एकेक उन्हात धरून बघितला. सोळावा जुळला.
रिमूव्हर लावला, खरवडलं,
मग पाण्याचा कागद, आधी दीडशे, मग चारशे नंबर.
वर कपाची एक गोल कडा पत्र्यातच उतरली होती,
तिला लांबी भरली.
व्हॉल्यूमच्या बटणाच्या डाव्या अंगाला
बोटभर जागा गुळगुळीत, किंचित खोलगट.
म्हटलं, झिजलंय. भरली. घासली.
हाताला काही लागेनासं होईपर्यंत घासायचं,
उस्तादाने एवढंच शिकवलं होतं.

कपड्यांच्या तारेला टांगून गन चालवली.
शेजारच्या सातार्डेकर बाईंनी खिडकी आपटली.
हवा दमट, रंग दोन दिवस सुकेना,
एक डास येऊन बसला तो बसलाच.
त्याला सुईने उचलला आणि त्याच्या सहा पायांवर
पुन्हा एक हात मारला.

रविवारी ती आली. बघून म्हणाली, हाच! हाच तो रंग!
तिच्या जन्माआधी दोनदा बुजलेला.
मी काही बोललो नाही, खूश होतो.
मग तिचा अंगठा बटणाच्या डावीकडे गेला.
गेला, घसरला.
पुन्हा गेला.
इथे, म्हणाली, आजोबा अंगठा टेकून बसायचे.
शेवटी ऐकू येत नव्हतं ना.
रेकॉर्ड लावायची मी, आणि ते म्हणायचे,
थांब, सांगू नकोस, पत्रा सांगतोय.

नळ कुणीतरी चालू ठेवला होता खाली.
चारशे नंबरचं ते पाणी मोरीतून कधीच गेलं.

छान झालंय पण, काका. अगदी नव्यासारखं.

अठराशे ठरले होते, पंधराशे घेतले.
तिला वाटलं म्हातारा मोजायला चुकला, दोनदा विचारलं.
म्हटलं, बरोबर आहेत.
चादर सैल बांधा, रंग अजून कच्चा आहे.
आठ दिवस तरी त्यावर
बोट टेकू नका.